अभ्यासाची ॲप्स आणि सहाय्यक साधने: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

‘तुमचं मूल वाचनात मागे पडतंय’ असं शाळेतून सांगितलं गेलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे शिकवणी बदलण्याची चर्चा आणि दुसरी मोबाइलवर शोधाशोध. थोडं शोधलं की जाहिराती मागेच लागतात. मेंदूचा व्यायाम, एकाग्रता वाढवणारे खेळ, काही आठवड्यांत डिस्लेक्सियावर मात. वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सवलत, नाहीतर हप्ते आहेतच. तापासाठी मुलाला दाखवायला आलेले पालक निघताना दाराशी थांबतात आणि विचारतात, “डॉक्टर, हे ॲप घेऊ का?”

मी जनरल प्रॅक्टिस करतो, विशेष शिक्षक नाही. पण नवीन औषधाबद्दल आम्ही जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारता येतात. हे नेमकं कशासाठी आहे? कोणासाठी? उपयोग झाला हे कशावरून कळणार? आणि त्यापायी दुसरं काय गमवावं लागेल?

आधी डोळे, कान आणि झोप

कोणतंही ॲप घेण्याआधी मुलाची साधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. लांबचं अंधुक दिसणारं मूल ‘मला दिसत नाही’ असं सहसा सांगत नाही. सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटत असतं. फळ्यावरचं उतरवताना चुका, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं, टीव्हीच्या जवळ जाऊन बसणं यांतली एखादी गोष्ट दिसली तरी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

कानाचंही तसंच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि काही आठवडे कमी ऐकू येतं. घरी समोरासमोर बोलताना हे लक्षात येत नाही. वर्गात मात्र येतं, कारण अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते, त्यात पंखा, रस्ता आणि पन्नास मुलांची कुजबुज.

रात्री घोरणं, तोंडाने श्वास घेणं आणि दिवसा पेंगणं यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. हिमोग्लोबिनही बघून घ्या. आणखी एक गोष्ट शिक्षकांना जरूर विचारा: मूल मध्येच काही सेकंद एकटक बघत राहतं का, हाक मारली तरी उत्तर देत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढचं काम करू लागतं का? हा फिट्सचा एक प्रकार असू शकतो. अशा मुलाला ‘लक्ष नसतं’ म्हणून एकाग्रतेचं ॲप देणं म्हणजे उपचार लांबवणं. त्याला बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासायला हवं.

हे सगळं ठीक असूनही, शिकवणं नीट होत असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी लागते. डिस्लेक्सिया हा त्यातलाच एक प्रकार. बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नाही. त्यावर गोळी नाही, टॉनिकही नाही. उपयोग होतो तो अक्षर आणि आवाज यांची सांगड पायरी-पायरीने, पुन्हा पुन्हा शिकवण्याचा, आणि ते काम प्रशिक्षित माणूसच सर्वात चांगलं करतो.

शिकवणारं ॲप वेगळं, मदत करणारं साधन वेगळं

बाजारात या दोन्ही वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. पहिल्या प्रकारचं ॲप एखादं कौशल्य शिकवतं: अक्षरं ओळखणं, पाढे, शब्द जोडणं. दुसऱ्या प्रकारचं साधन कौशल्य शिकवत नाही, अडचणीला वळसा घालून काम पूर्ण करू देतं. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा फोन, बोललेलं टाइप करणारी सोय, श्रवणयंत्र, भिंग ही सगळी साधनं. चष्म्याने डोळा सुधारत नाही, पण फळा दिसतो. तसंच हे.

‘फोन वाचून दाखवायला लागला तर मूल आळशी होईल, वाचायला शिकणारच नाही’ अशी भीती बऱ्याच घरांत, विशेषतः आजोबांच्या पिढीत असते. सहावीतल्या मुलाला विज्ञानाचा धडा समजतो, पण वाचायला अर्धा तास लागतो. तो धडा त्याने ऐकून शिकला तर त्याचं विज्ञान मागे पडत नाही. वाचनाचा सराव वेगळ्या वेळी, वेगळ्या सोप्या मजकुरावर चालू ठेवायचा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, किंबहुना चालायलाच हवं.

यातलं बरंच फुकट आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात निवडलेला मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते आणि ती मराठीतही चालते. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं. ऐकायला कमी येणाऱ्या मुलासाठी ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ समोरच्याचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. आधी हे वापरून बघा. विकत काय घ्यायचं ते त्यानंतरही ठरवता येईल.

जाहिरातीतला दावा

सर्वात जास्त पैसे जातात ते मेंदूच्या व्यायामाच्या खेळांवर. खेळ रोज खेळलं की मूल त्या खेळात हुशार होतं, हे खरं. पण तो फायदा वाचनात किंवा गणितात उतरतो का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर संशोधनात निराशाजनक आलं आहे. ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. शाळेत आणि कामावर कामगिरी सुधारते, असे दावे पुरेशा पुराव्याशिवाय केल्याचा आरोप होता. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

डिस्लेक्सियासाठी रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायामही विकले जातात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून यांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. खास फॉन्टची गोष्टही फारशी वेगळी नाही. अक्षरं मोठी आणि ओळींत मोकळी जागा असली की काही मुलांना बरं वाटतं, पण त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

विक्रेत्याला सरळ विचारा: याचा अभ्यास कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या मुलांवर झाला? ॲप न वापरणाऱ्या मुलांशी तुलना केली होती का? अभ्यास कंपनीनेच केला की दुसऱ्या कोणी? उत्तरादाखल समाधानी पालकांचे व्हिडिओ दाखवले गेले, तर उत्तर मिळालं असं समजा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. बरीच ॲप्स इंग्रजी अक्षरं उलटी दिसणं, स्पेलिंग चुकणं यांभोवती बांधलेली असतात. मराठी माध्यमातल्या मुलाची अडचण काना-मात्रा गळणं, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, जोडाक्षरं आणि रफार यांत असते. पहिल्या वेलांटीचं चिन्ह लिहायचं आधी आणि उच्चारायचं नंतर, ही कसरत इंग्रजी ॲपच्या गावीही नसते. त्यामुळे ॲपमध्ये मुलगी तिसऱ्या पातळीवर पोहोचते आणि बालभारतीच्या पुस्तकात ‘रात्र’ आणि ‘सूर्य’पाशीच अडते.

सहा आठवड्यांची घरगुती चाचणी

ॲपमधले तारे, पदकं आणि टक्के हे ॲपने स्वतःलाच दिलेले गुण आहेत. मोजमाप बाहेरून करा. मुलाच्या पाठ्यपुस्तकातला (फारच अडत असेल तर एक इयत्ता खालचा) न वाचलेला उतारा घ्या. एक मिनिट वाचायला सांगा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. वाचून झाल्यावर ‘काय होतं यात?’ एवढंच विचारा. असं तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या उताऱ्यांवर करून सरासरी वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच पुस्तकातल्या, तितक्याच अवघड पण नव्या उताऱ्यांवर पुन्हा मोजा. जुना उतारा वापरू नका, तो पाठ झालेला असतो. मुलाला ही परीक्षा वाटू देऊ नका आणि या काळात शिकवणीही बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

थोडा फरक शाळेतल्या शिकण्यानेही पडतोच. म्हणून दोन-चार शब्द वाढले म्हणून वर्षाचे पैसे भरू नका.

साधनाची चाचणी वेगळी. तिथे वाचनाचा वेग बघायचा नाही. परिसर अभ्यासाचा एक धडा मुलाने स्वतः वाचायचा आणि एक ऐकायचा. दोन्हींवर पाच-पाच तोंडी प्रश्न विचारा. ऐकलेल्या धड्याची उत्तरं बरीच चांगली आली आणि मूल अभ्यासाला बसताना कमी कुरकुर करू लागलं, तर साधन उपयोगी आहे.

वर्गात चालेल का?

घरी उत्तम चालणारं साधन शाळेत दप्तराबाहेरच येत नाही, हे मी अनेकदा ऐकतो. शाळेत मोबाइलला परवानगी नसते, चार्जिंगला जागा नसते, आवाज शेजारच्याला जातो. सर्वांत मोठी अडचण म्हणजे मुलाला वेगळं दिसायचं नसतं. चौथीतल्या मुलापेक्षा आठवीतल्या मुलीला हे जास्त टोचतं, तेव्हा निवड करताना तिला विचारा. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना भेटा, तपासणीचा अहवाल दाखवा आणि कोणत्या तासाला काय वापरायचं ते ठरवा. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा बिनतारी माइक मिळतो. गोंगाटाच्या वर्गात त्याचा मोठा उपयोग होतो, पण तास संपल्यावर तो पुढच्या शिक्षकांकडे द्यायची आठवण कोणाला तरी ठेवावी लागते.

विजेशिवाय चालणारे उपायही सुचवा: पहिला बाक, खिडकीची चमक न येणारी जागा, एकच ओळ दिसेल अशी खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील प्रत.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी यातलं काही घेण्याची घाई नको. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. मोठ्या मुलांच्या ॲपमध्ये जाहिराती, मध्येच होणारी खरेदी, माइक आणि लोकेशनची परवानगी बघून घ्या. अक्षरं शिकवणाऱ्या ॲपला मूल कुठे आहे हे कशाला हवं?

चाचणी आणि प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठी अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. ॲपने दिलेला ‘डिस्लेक्सिया रिपोर्ट’ तिथे चालत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात किंवा तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. ऐकण्याच्या तक्रारीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीत होईल ना, हे आधी विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा संच मराठीत उपलब्ध आहे.

जाताना मुलाच्या दोन-तीन वह्या, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, डोळे-कानांचे रिपोर्ट आणि तुमची एक मिनिटाच्या वाचनाची वही बरोबर ठेवा. लेखनिक घ्यायचा असेल तर दहावीची वाट पाहू नका. मनातलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं, त्याचा सराव आठवीपासून सुरू करा.