जुना वाडा पाडायचाय? जेसीबी बोलावण्याआधी एवढं तपासून घ्या

सातारा : गावातला जुना वाडा पाडायचा म्हटलं की घरात दोन मतं पडतात. एक भाऊ म्हणतो, "भिंती फुगल्यात, अजून एक पावसाळा निघायचा नाही. पाडून स्लॅब टाकू." दुसरा म्हणतो, "पणजोबांच्या आधीचा वाडा आहे, शंभर वर्षं होऊन गेली. सरकार पाडू देणार नाही." बहुतेक वेळा दोघांचीही माहिती अर्धवट असते. वाडा नुसता जुना आहे की ऐतिहासिक, हे तपासण्याची पद्धत आहे. कौलं उतरवायच्या आधी ती समजून घेतलेली बरी, कारण पाडलेली वास्तू परत उभी राहत नाही.

शंभर वर्षं झाली म्हणजे झालं का?

नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकासाठी किमान 100 वर्षांची अट आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. वास्तूला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावं लागतं. शिवाय शासनाने अधिसूचना काढून ती संरक्षित म्हणून जाहीर करावी लागते. त्याआधी दोन महिन्यांची सूचना देऊन हरकती मागवल्या जातात. राज्याचाही 1960 चा असाच स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे घर शंभरीचं झालं की सरकार ताब्यात घेतं, ही निव्वळ अफवा आहे. संरक्षित जाहीर झाल्यावरही खासगी मालकी आपोआप जात नाही.

शहरात तिसरा प्रकार असतो, वारसा यादीचा. मुंबईत 1995 मध्ये अशी नियमावली लागू झाली. 2020 च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. यादीत साधारण तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत मूळ रूपाला जवळपास हात लावता येत नाही. दुसरीत आतून गरजेपुरते बदल चालतात. तिसरीत परवानगीने बरेच बदल करता येतात. यादीत नाव आलं म्हणजे दुरुस्तीही बंद, असं नाही.

महत्त्व कशावरून ठरतं?

पहिली गोष्ट, माणूस किंवा घटना. खंडाळा तालुक्यातल्या नायगावचं घर हे जवळचं उदाहरण. तो काही भव्य राजवाडा नव्हे. पण 1831 मध्ये तिथे सावित्रीबाई फुले जन्मल्या, म्हणून ते जपलं गेलं. याच्या उलट पुण्यातला भिडे वाडा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू केली. पुढे वाडा जीर्ण झाला, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी तो पाडावा लागला. जागा राहिली, वास्तू गेली.

दुसरी गोष्ट, बांधणी. चौक, सोपे, कोरीव खांब, कडीपाट, भिंतीवरची चित्रं मूळची किती शिल्लक आहेत, हे पाहतात. वाई तालुक्यात मेणवलीला कृष्णाकाठी असलेला नाना फडणवीसांचा वाडा यात येतो.

तिसरी गोष्ट, जुनी राहणी आणि धंदा. एखादी विणकरांची आळी किंवा बाजारपेठेतली ओळीने असलेली माडीची घरं एकेकटी साधी वाटतात. पण सगळी मिळून गावाचा इतिहास सांगतात, म्हणून एकत्र विचारात घेतली जातात.

चौथी गोष्ट, घरातले कागद. मेणवलीच्या वाड्यातलं दप्तर अभ्यासकांना पेशवाईच्या इतिहासासाठी मोलाचं ठरलं. आपल्याकडे माळ्यावरचं मोडीचं बाड सर्रास रद्दीत जातं. महत्त्वाचा पुरावा तिथेच हरवतो.

वय कसं ओळखायचं?

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा जुना उतारा, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं काढा. ड्रोन मोजणीनंतर मिळालेल्या नव्या सनदेवर घराचं वय कळत नाही. चौकटीवर किंवा खतावर शके लिहिलेलं असेल तर त्यात 78 मिळवा. शके 1780 म्हणजे साधारण 1858 साल.

घरही बोलतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये मंगळूरला निघाला. म्हणजे तुमचं मंगलोरी छप्पर त्यानंतरचं. पण भिंती त्याहून जुन्या असू शकतात, कारण छप्पर बदललेलं असतं. चुन्यातलं बांधकाम सहसा जुनं असतं. सिमेंटचा गिलावा मात्र बहुतेक नंतरच्या डागडुजीचा असतो. नुसत्या गिलाव्यावरून "घर नवंच आहे" असं ठरवू नका.

पाडण्याआधी काय करावं?

1. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत लेखी विचारा, वास्तू वारसा यादीत किंवा संरक्षित आहे का. उत्तरही लेखी घ्या.

2. शंका असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात फोटो आणि कागदांच्या प्रती जोडून अर्ज द्या.

3. जवळ केंद्र संरक्षित स्मारक आहे का, ते बघा. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे. तिथून पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. वाडा पाडून बसलात आणि नवीन बांधायला मनाई निघाली, तर जुनंही गेलं आणि नवंही नाही.

4. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. एकाने कोरीव खांब विकून टाकले की भांडण तिथूनच सुरू होतं. 100 वर्षांवरच्या कोरीव वस्तू 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकतात. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. मोलाच्या हस्तलिखितांना ही मुदत 75 वर्षांची आहे.

5. भिंत पडायला आली असेल तर आधी माणसं बाहेर काढा, टेकू द्या, इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. माणसाच्या जिवापेक्षा वाडा मोठा नाही.

ऐतिहासिक नाही ठरला तर?

तर वाडा रीतसर परवानगी घेऊन पाडता येतो. बहुतेक घरांच्या बाबतीत हेच होईल, आणि त्यात चुकीचं काही नाही. पण त्याआधी मोबाईलवर प्रत्येक खोलीचे, खांबांचे, चौकटींचे फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती विचारून रेकॉर्ड करा. मोडीचे कागद जाणकाराला दाखवल्याशिवाय टाकू नका. या कामाला दोन-चार दिवस आणि थोडी चिकाटी लागते. नंतर "आपला वाडा कसा होता?" असं नातवाने विचारलं, तर दाखवायला हातात काहीतरी असेल.