सवलतीच्या आधी शिकवणं
अक्षरांच्या वाटेवर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात डिस्लेक्सिया ओळखायचा कसा, हे पाहिलं. ते कळलं की बहुतेक पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : सर्टिफिकेट कुठे मिळेल? प्रश्न रास्तच आहे. दहावीला जादा वेळ मिळणं, लेखनिक मिळणं, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापले जाणं, हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. पण त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न असतो आणि तो फार थोडे जण विचारतात. या मुलाला वाचायला कोण शिकवणार?

सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्राने देशात लवकर पाऊल उचललं, हे अभिमानाने सांगायला हवं. १९९६ पासून राज्य शासनाने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. लेखी परीक्षेला अर्धा तास जास्त, स्पेलिंगच्या चुकांना माफी, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित, असं त्यांचं स्वरूप होतं. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. देशाच्या कायद्याला मात्र इथवर यायला आणखी वीस वर्षं लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात डिस्लेक्सियाला जागाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली आणि १९ एप्रिल २०१७ ला तो कायदा अमलात आला.

या चांगल्या व्यवस्थेत एक मोठी फट आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी मूल आठ वर्षांचं झालेलं असण्याची अट घातली. मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायला त्यांत सांगितलं होतं. आठ वर्षांची अट घालण्यामागे कारण आहे. त्याआधी मूल नुसतं सावकाश शिकतंय की खरंच अडलंय, हे खात्रीने सांगणं कठीण असतं. पण मूल वाचायला शिकतं ते पहिली-दुसरीत, म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी. शिकवणाऱ्याने कागदाची वाट पाहिली, तर सगळ्यात कामाची दोन वर्षं हातची जातात. तोवर वर्गाने त्या मुलाला ‘ढ’ ठरवलेलं असतं आणि मुलानेही ते मान्य करून टाकलेलं असतं. शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

पुण्यात तर ही फट नकाशावरही दिसते. दहावीची परीक्षा घेणारं राज्य मंडळ शिवाजीनगरला. पहिलीचं पुस्तक तयार करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम पाहणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर. तिन्ही ठिकाणी एका दुपारी रिक्षाने जाऊन परत येता येईल. डिस्लेक्सियाचं नाव शिवाजीनगरच्या नियमांत ठळक आहे. माझ्या मते ते तितक्याच ठळकपणे पहिलीच्या बाईंच्या प्रशिक्षणात यायला हवं, कारण मुलाचं वाचन तिथे घडतं किंवा बिघडतं.

आता मुलाचं नेमकं कुठे अडतं ते पाहू. मराठीत तर जसं बोलतो तसंच लिहितो, मग अडचण कसली, असं पुष्कळांना वाटतं. त्यात थोडं तथ्य आहे. इंग्रजीसारखा गोंधळ मराठीत नाही, आणि म्हणूनच मराठीतला डिस्लेक्सिया सहज लपतो. मूल फारसं चुकीचं वाचत नाही, फार सावकाश वाचतं. २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन वाचकांची तुलना छापून आली होती. इटालियन लिखाण उच्चाराला धरून चालतं, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक बाकी दोघांपेक्षा अचूक वाचत होते. पण वाचताना मेंदूच्या ज्या भागाचं काम कमी पडत होतं, तो भाग तिघांतही एकच होता. अडचण सगळीकडे तीच असते, लिपीप्रमाणे ती वेगळ्या रूपात दिसते एवढंच.

मुळातली अडचण बहुतेकदा डोळ्यांची नसून आवाजांची असते. ‘गवत’ म्हटल्यावर त्यात ग, व आणि त असे तीन तुकडे आहेत, हे बाकीच्या मुलांना न सांगता उमगतं. या मुलाच्या कानाला शब्द अख्खा ऐकू येतो, तुकडे हाती लागत नाहीत. मग कागदावरचं अक्षर जोडायचं कशाशी?

आपल्या लिपीची स्वतःची वळणंही आहेत. ‘करवत’ वाचताना मूल क-र-व-त असं चारही अक्षरं पूर्ण उच्चारून म्हणतं. त्यातले काही ‘अ’ गिळले की मगच तो आपल्या ओळखीचा शब्द होतो, आणि कुठला गिळायचा हे कागदावर लिहिलेलं नसतं. ‘चाक’ आणि ‘चार’ यांत च एकच दिसतो, उच्चार दोन. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांतल्या जोडाक्षरांत र चार वेगवेगळ्या रूपांत बसलेला आहे. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांच्यातला फरक तुटलेल्या शिरोरेषेचा, एखाद्या गाठीचा किंवा एका रेघेचा. कन्नड शाळांमधल्या मुलांवरचा सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय लिप्यांमधली सगळी अक्षरं पक्की व्हायला चांगल्या वाचकांनाही कित्येक वर्षं लागतात, हे त्यातून दिसलं. डिस्लेक्सियाच्या मुलाला त्याहून अधिक वेळ लागणार, हे उघड आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. अडखळणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी काढणं अगदी सर्वसाधारण आहे. आणि पुष्कळ मुलांना वाचता येत नाही त्याचं साधं कारण असं की त्यांना ते नीट शिकवलेलंच नसतं. बिगाऱ्याचं काम करणारं कुटुंब वर्षात दोनदा गाव बदलतं, घरची बोली पुस्तकाच्या मराठीपेक्षा वेगळी असते, आणि वर्गात फळ्यावरचं उतरवून घेण्यालाच शिकणं म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत शाळकरी मुलांमधलं अध्ययन अक्षमतेचं प्रमाण ५ ते १५ टक्के दिलं आहे. त्या हिशेबाने ४० मुलांच्या वर्गात अशी २ ते ६ मुलं निघतील. तुमच्या वर्गात पंधरा मुलं अडली असतील तर आधी शिकवण्याची पद्धत तपासून पाहायला हवी.

सुदैवाने दोन्ही गटांना सुरुवातीला लागतं ते एकच : पद्धतशीर, सावकाश आणि उघडपणे शिकवणं. मराठीतून हे कसं करावं यावर आपल्याकडे मोलाचं काम झालेलं आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत, आणि पालघर जिल्ह्यात वाड्याला नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने मराठी वाचनाच्या पहिल्या पायऱ्यांचा वर्षानुवर्षं विचार केला आहे. ही कामं फक्त डिस्लेक्सियासाठी नाहीत. पण पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाने ती पाहिलीच पाहिजेत, असं मला वाटतं.

सुरुवात पुस्तकाने करू नये, कानाने करावी. शब्दांच्या भेंड्या हा आपला जुना खेळ इथे फार उपयोगी पडतो, कारण त्यात शब्दाचा शेवटचा आवाज पकडावाच लागतो. मग टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडायचे. ‘गवत’मधला ग काढला तर काय उरतं? ‘मका’मधल्या म-च्या जागी ट आणला तर काय होतं? यात एकही अक्षर लिहायचं नाही. रोज दहा मिनिटं अशी गेली की कोणाला आवाज सुटे करता येत नाहीत, ते बाईंना महिन्याभरात आपोआप कळतं.

मग अक्षरं. आपल्या शाळांत ग म भ न हा क्रम अनेक पिढ्यांना शिकवला गेला. वळणं सारखी असलेली अक्षरं एकापाठोपाठ घेतली की हात बसतो, हा त्यामागचा विचार. लिहायला तो सोयीचा आहे. पण ज्या मुलाचा भ आणि म यांत गोंधळ होतो, त्याच्यापुढे ही दोन अक्षरं लागोपाठ ठेवणं म्हणजे अडचण दुप्पट करणं. अशा मुलासाठी एकमेकांपासून दूरची अक्षरं आधी घ्यावीत : क, म, ल, र. म पक्का झाल्यावर कित्येक आठवड्यांनी भ आणावा. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत मात्रा लांबणीवर टाकायचीही गरज नाही. या चार अक्षरांबरोबर काना दिला की काम, माल, मका, काका, मामा, कमळ नाही तरी कमल, लाल, मार असे खरे शब्द हाती येतात. ‘मामा काल आला’ वाचायला फक्त आ वाढवायचा. पहिल्या पंधरवड्यातच आपण वाक्य वाचलं, हा अनुभव या मुलाला फार हवा असतो. अख्खी बाराखडी चालीवर म्हणता येणारी पण ‘की’ सुटं दाखवल्यावर गप्प होणारी मुलं अनेक शिक्षकांनी पाहिली असतील. चाल पाठ होते, अक्षर ओळखीचं होत नाही.

प्रत्येक अक्षर डोळा, कान, जीभ आणि हात यांनी एकाच वेळी शिकायचं, ही या शिकवण्याची खूण आहे. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये वाचनात अडलेल्या शाळकरी मुलांवर लेख लिहिला. पुढे ॲना गिलिंगहॅम यांच्या साथीने जी पद्धत रुजली, ती आज जगभर ऑर्टन-गिलिंगहॅम नावाने चालते. तिच्यात मुलं वाळूत बोटाने अक्षर काढतात आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणतात. आपल्याकडे धुळाक्षरं गिरवत होतेच की! ताटात रांगोळी पसरली तरी भागतं. मात्र आवाज तोंडाने म्हटला गेला पाहिजे, नाहीतर ते नुसतं चित्र काढणं होतं.

आणि उजळणी. बाकीच्या मुलांना चार वेळा पाहून जे बसतं, त्याला इथे चाळीस वेळा लागू शकतात. कालची अक्षरं आज, आजची उद्या, आणि नवं फार थोडं. तीन-चार मुलांचा गट, रोज वीस-पंचवीस मिनिटं, तीही खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून न कापता, कारण बहुधा त्याच तासाला या मुलाला आपण कोणीतरी आहोत असं वाटत असतं. जोडाक्षरं अगदी शेवटी. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ वाचलं तर ओरडायचं नाही. मुलाने आवाज बरोबर जोडले आहेत, त्याला फक्त अर्धा स दाखवायचा राहिला आहे.

‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटाचं ऋण मोठं आहे. पण त्यात वाळू, माती आणि रंगांतून शिकवण्याचा भाग एका गाण्याएवढ्या वेळात उरकतो. प्रत्यक्षात तेच काम दोन-तीन वर्षं चालतं. पालक दोन महिन्यांत निराश होतात, त्याला ही घाईची कल्पनाही थोडी जबाबदार आहे.

मूल अजून वाचायला शिकत असताना इतिहास, परिसर अभ्यास थांबवायचे नाहीत. प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. ही सवलत द्यायला शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही. इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली, ती डिस्लेक्सियाच्या पहिल्या नोंदींपैकी एक. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत त्यांनी त्यात नोंदवलं आहे.

प्रकट वाचनाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. अशा मुलाला अचानक उभं करून सगळ्या वर्गापुढे धडा वाचायला लावू नये. वाचायला लावायचंच असेल तर दोन ओळी आदल्या दिवशी नेमून द्याव्यात, म्हणजे मूल घरून तयारी करून येतं.

ओळख लवकर पटावी म्हणून आपल्या भाषेतलं साधनही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगवेगळ्या प्राथमिक तपासण्या त्यात असून त्या शिक्षकाला वर्गातच करता येतात. हे निदान नव्हे. कोणाकडे आजपासून जास्त लक्ष द्यायचं, एवढंच त्यातून ठरतं. पुणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी पहिली-दुसरीची ही तपासणी व्हावी, अशी मागणी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत जरूर मांडावी.

घरी आई-बाबांनी आणखी एक शिकवणी लावण्याआधी एवढं करावं : रोज रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवावी, त्याच्या वाचनाच्या पातळीची नव्हे तर त्याच्या बुद्धीच्या पातळीची. वाचन मागे पडलं की शब्दसंग्रहही मागे पडतो, कारण तिसरीनंतर बरेचसे नवे शब्द पुस्तकातूनच येतात. वाचून दाखवल्याने ती वाट उघडी राहते.

पुढच्या लेखात : मराठी घरातलं मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वाचताना अडतं, तेव्हा आधी कोणत्या भाषेतून वाचायला शिकवावं?