फ्रीबीएसडी: बिल्ड अडला तर आधी सोर्स तपासा

फ्रीबीएसडीचा सोर्स अपडेट केल्यावर ‘बिल्डवर्ल्ड’ मध्येच थांबलं, की पुष्कळजण थेट कंपायलरला दोष देतात. माझ्या मते पहिला संशय आपल्याकडच्या सोर्सवर घ्यावा. डिसेंबर 2020 मध्ये या प्रकल्पाचा सोर्स सबव्हर्जनवरून गिटवर आला. आता आपण कोणत्या ब्रँचवर आहोत आणि कुठल्या फाइलींत आपले बदल राहिलेत, हे ‘गिट स्टेटस’ लगेच दाखवतं. मग ‘अपडेटिंग’ ही फाइल वाचावी. अडचणीचे मोठे बदल तिथे तारखेनिशी नोंदवलेले असतात. समांतर बिल्डमध्ये खरी चूक बहुधा शेवटच्या ओळीत नसते, बरीच वर असते. म्हणून लॉग जपून ठेवायचा.

कुणी म्हणेल, एवढं शोधण्यापेक्षा सगळं पुसून नव्याने उतरवावं. जुन्या ऑब्जेक्ट फाइली नडत असतील तर त्यांची डिरेक्टरी रिकामी करणं पुरतं. सोर्सच पुसला तर आपले बदलही जातात. शिवाय क्रम चुकत असेल तर नवी प्रतही उपयोगाची नाही: आधी नवा कर्नल बसवून रीबूट, नंतरच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’. नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सहसा चालवतो. जुना कर्नल मात्र नव्या प्रोग्रॅमना लागणारे सिस्टिम कॉल पुरवेलच असं नाही.