डबलडेकर बोईसरला आली तर

2023 च्या पावसाळ्यात दोन महिन्यांच्या अंतराने दोन दुमजली गाड्या गेल्या. जुलैच्या मध्यात फ्लाइंग रानीचे दुमजली डबे काढले गेले. डिसेंबर 1979 पासून ते सुरत ते मुंबई या मार्गावर, म्हणजे आमच्या बोईसर-पालघरच्या रुळांवरून, रोज धावत होते. मग 15 सप्टेंबरला बेस्टची डिझेलवरची शेवटची डबलडेकर फुलांच्या माळा घालून रस्त्यावरून उतरवली गेली. मुंबईत ही बस 8 डिसेंबर 1937 ला पहिल्यांदा आली होती. 2023 च्याच फेब्रुवारीत विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस दक्षिण मुंबईत सुरू झाली, आणि तेव्हापासून बोईसर स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत एक वाक्य अधूनमधून कानावर पडतं: आपल्याकडेही अशी एखादी बस का आणत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पाळी बदलण्याच्या वेळी तारापूर एमआयडीसीकडे जाणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला मोठ्या गाडीची ओढ वाटणारच. पण या गाडीभोवती बरेच गैरसमज साचले आहेत. काही तिच्या प्रेमापोटी, काही भीतीपोटी. ते दूर केल्याशिवाय ती मुंबईला किती शोभते आणि आमच्या रस्त्यांवर कुठे अडते, हे नीट कळणार नाही.

गैरसमज: दोन मजले म्हणजे दुप्पट प्रवासी.

वरच्या मजल्यावर उभं राहू देत नाहीत. जिन्याची जागा दोन्ही मजल्यांतून वजा होते. मुंबईच्या नव्या दुमजली बसमध्ये 65 च्या आसपास आसनं आहेत आणि दोन जिने आहेत. बारा मीटर लांबीच्या एकमजली शहरी बसमध्ये आसनं चाळीसच्या आत-बाहेर असतात, पण मधली मोकळी जागा उभ्या प्रवाशांनी भरते. गर्दीच्या वेळी आपल्याकडे ती किती भरते हे वेगळं सांगायला नको. एकूण माणसं मोजली तर दोन्ही गाड्यांतला फरक दुपटीच्या जवळपासही जात नाही. दुमजली बस जास्त देते ती बसायची जागा, तीही रस्त्याची कमी लांबी अडवून. लांबच्या प्रवासाला हा खरा फायदा आहे. तासभर उभं राहून कामावर पोचणारा माणूस आणि बसून पोचणारा माणूस यांच्या दिवसात फरक पडतो.

जिन्याला मात्र वेळ लागतो. वरचा माणूस आपला थांबा यायच्या आधी उठतो, चालत्या गाडीत उतरतो, आणि उठायला उशीर झाला तर सगळी बस त्याच्यासाठी थांबते. फ्लाइंग रानीत हे प्रत्येक स्थानकावर दिसायचं. दाराजवळच्या अरुंद जागेत वरून उतरणारे, खालून चढणारे आणि फलाटावरून आत घुसणारे एकाच वेळी भेटायचे. थांबे जवळजवळ असतील तर दुमजली गाडीचा फायदा या खोळंब्यातच जिरतो. बोईसर स्थानकाहून नवापूर नाक्याकडे किंवा पास्थळकडे जाणारा प्रवासी फार तर काही किलोमीटर जातो. तो जिना चढणारच नाही. तो दारात उभा राहील, आणि वरचा मजला अर्धा रिकामा जाईल.

गैरसमज: उंच गाडी वळणावर उलटते.

लंडनच्या दुमजली बसची कलण्याची चाचणी प्रसिद्ध आहे. वरचा मजला भरलेला, खालचा रिकामा, अशा सगळ्यात वाईट अवस्थेत गाडी 28 अंशांपर्यंत तिरकी करतात आणि तरीही ती उलटता कामा नये. इंजिन, आस आणि सांगाडा, म्हणजे जड ते सगळं, तळाशी असतं. विजेच्या बसमध्ये बॅटरीचंही वजन असतं, ती खाली बसवली तर गाडी आणखी स्थिर होते. शहरातल्या वेगाला ही गाडी भरवशाची आहे. मुंबईने ती शहाऐंशी वर्षं वापरली, ती काही जीव मुठीत धरून नव्हे.

पण भीती अगदीच निराधार नाही. लंडनमधल्या त्याच नियमात एकमजली बसला 35 अंशांची कसोटी आहे, म्हणजे दुमजली बसकडून तेवढी अपेक्षा मुळातच धरलेली नाही. सपाट शहरासाठी बनवलेली ही गाडी पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीतून किंवा जव्हारच्या घाटातून रोज न्यावी असं मी म्हणणार नाही. तिथे वळण, उतार आणि वेग तिन्ही एकत्र येतात.

गैरसमज: रस्ता रुंद केला की डबलडेकर कुठेही जाईल.

आमच्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे रुंदी बघतात, या गाडीचा प्रश्न उंचीचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे साध्या बसची उंची 3.8 मीटरपर्यंत असू शकते, दुमजली बसची 4.75 मीटरपर्यंत. आता रेल्वेचा नियम बघा. पश्चिम रेल्वेवर 25 हजार व्होल्टची तार रुळांवरून जाते. म्हणून विद्युतीकरण झालेल्या मार्गावरच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना, रस्त्यावर आडवी लोखंडी कमान उभारलेली असते. तिची उंची 4.67 मीटर. उंच माल लादलेला ट्रक तारेच्या जवळ जाऊ नये म्हणून ती कमान आहे आणि तिला पर्याय नाही. म्हणजे पूर्ण उंचीची दुमजली बस फाटकाशी आठ सेंटिमीटरने अडकते. बुटकी गाडी बनवून हे टाळता येईल, पण तेवढ्याने वरच्या मजल्यावर ताठ उभं राहणं अवघड होतं, आणि फाटकावर दर वेळी दोन बोटांच्या फरकाने गाडी काढायची हे चालकावर अन्यायाचं आहे.

वैतरणा ते डहाणू रेल्वेने आमचा भाग उभा चिरला आहे. समुद्राकडची गावं एका बाजूला, महामार्ग दुसऱ्या बाजूला. मालवाहतुकीच्या स्वतंत्र मार्गाबरोबर फाटकांच्या जागी पूल होत आहेत, ते चांगलंच आहे. पण जिथे पुलाऐवजी रुळांखालून कमी उंचीचा भुयारी रस्ता काढतात, तिथे दुमजली बसचा विषय कायमचा संपतो.

तारांचंही तसंच. नियमाने रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वीजवाहिनी जमिनीपासून 5.8 मीटर वर हवी, उच्च दाबाची 6.1 मीटर. कागदावर गाडी आरामात जाते. पण घराघरांत गेलेल्या जोडण्या, केबल आणि इंटरनेटच्या वायरी या खांबावरून त्या खांबावर झोके घेत असतात, आणि दर वर्षी रस्त्याचा थर चढतो तेवढं अंतर कमी होतं. चिंचणीच्या बाजारपेठेतून किंवा केळव्याच्या वाडीतल्या रस्त्यावरून चालताना एकदा मान वर करून बघा. मुंबईत दुमजली बसच्या मार्गावर झाडांच्या फांद्या छाटणं आणि आडव्या वायरी हलवणं हे नेहमीचं काम होतं, त्यासाठी माणसं आणि यंत्रणा होती. अशी गाडी आणायची म्हणजे गाडीबरोबर ही यंत्रणाही आणावी लागते. ग्रामपंचायत, एमआयडीसी, महावितरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे: बोईसरला हे सगळे वेगवेगळे मालक आहेत.

गैरसमज: मुंबईने डबलडेकर बंद केली, म्हणजे ती अपयशी ठरली.

मुंबईने ती बंद केली नाही, जुन्या गाड्यांचं पंधरा वर्षांचं आयुष्य संपलं. मात्र 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सुमारे 900 दुमजली बस होत्या आणि 2008 नंतर बेस्टने नव्या डिझेल दुमजली घेणं थांबवलं, हेही खरं. कारण चालवण्याचा खर्च. दोन मजल्यांना दोन वाहक लागत. लंडन किंवा हाँगकाँगला ही बस परवडते, कारण तिथे पगार हा मोठा खर्च आहे आणि एकच चालक एवढी माणसं नेतो. आपण वर दुसरा वाहक ठेवला आणि तो फायदा स्वतःच्या हाताने घालवला. तिकीट दारातच कार्डाने किंवा मोबाइलने झालं, तर हिशेब बदलतो. शहरांच्या बाजूने बोलायचं तर माझं मत स्पष्ट आहे: कुर्ला ते वांद्रे-कुर्ला संकुल अशा, रुंद रस्त्यांच्या, भरपूर गर्दीच्या, सतत फेऱ्या असलेल्या मार्गांवर दुमजली बस हवीच. संपूर्ण ताफा दुमजली मात्र कुठलंही शहाणं शहर करत नाही. कोलकात्याने आणि हैदराबादने जुन्या गाड्या काढल्यावर अलीकडे ज्या थोड्या परत आणल्या, त्या मुख्यतः शहर दाखवण्यासाठी. तो वेगळा व्यवहार आहे, रोजच्या नोकरदाराशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज: विजेवरची आली की प्रश्न सुटला.

बेस्टने एकूण 900 विजेच्या दुमजली बसची मागणी नोंदवली. प्रत्यक्षात रस्त्यावर आल्या त्या पन्नासच्या आसपास. एका गाडीची किंमत सुमारे दोन कोटी रुपये. देशात ही गाडी बनवणारे मोजके, सुटे भाग मोजके, दुरुस्ती जाणणारे हात त्याहून मोजके. मुंबईच्या आगारांना हे जड जातं, तर राज्य परिवहनच्या बोईसर किंवा सफाळे आगारात अशा दोन गाड्या ठेवल्या आणि त्यातली एक बंद पडली, तर अर्धी सेवा बंद. ताफ्यात एकाच जातीच्या गाड्या जितक्या जास्त, तितकी दुरुस्ती सोपी. छोट्या आगाराला हे मोठ्या शहराहून जास्त लागू पडतं.

गैरसमज: पालघर आता जिल्हा आहे, त्याला शहरासारखी मोठी बस हवी.

1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला. जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला उभं राहिलं. मोखाडा, जव्हार, विक्रमगडचा माणूस एका दाखल्यासाठी तिथवर येतो. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आहे, त्यामुळे दिवसाची लय लोकलच्या वेळांवर बांधली गेली आहे. गाडी आली की स्थानकाबाहेर पाच मिनिटं माणसांचा लोंढा, मग पुढची लोकल येईपर्यंत शांतता. कारखान्यांची गर्दी पाळ्यांवर चालते. मोठ्या कंपन्यांच्या आणि अणुऊर्जा केंद्राच्या स्वतःच्या बस आहेत. ज्यांना त्या नाहीत, म्हणजे ठेकेदाराकडचा कामगार, दुकानातली मुलगी, कॉलेजचा विद्यार्थी, सातपाटीहून मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई, ते शेअर रिक्षात दाटीवाटीने बसतात, कारण पुढची एसटी कधी येईल ते सांगता येत नाही.

इथे साधा हिशेब करून बघावा. समजा एका मार्गाला तासाला साठ आसनं द्यायची आहेत. एक दुमजली बस तासाला एकदा सोडली, तर थांब्यावर आलेला माणूस सरासरी अर्धा तास थांबेल. तीस आसनांच्या दोन मिडी बस अर्ध्या तासाने सोडल्या तर पाव तास. वीस आसनांच्या तीन सोडल्या तर दहा मिनिटं. आसनं तेवढीच. रिक्षा सोडून लोक बसकडे वळतील ते थांबण्याचा वेळ कमी झाल्यावर. याला जास्त चालक लागतात, खर्च वाढतो, हे मान्य. पण महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून मोफत प्रवास आहे. ही सवलत जिला मिळायला हवी ती बाई रोज शेअर रिक्षात पूर्ण भाडं मोजते, कारण सवलतीची बस तिच्या वेळेला नसते. सरकारने दिलेला पैसा तिच्यापर्यंत पोचतच नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त सलतं ते हे.

मोठी गाडी केव्हा घ्यावी, याचं उत्तर यातूनच निघतं. छोट्या बस पाच-सात मिनिटांना एक अशा सुटू लागल्या आणि तरी भरून वाहू लागल्या, थांब्यावर एकामागे एक तीन-तीन उभ्या राहू लागल्या, की मग जास्त माणसं एका चालकाबरोबर नेणं शहाणपणाचं. मुंबईचे काही रस्ते तिथे केव्हाच पोचले आहेत. वसई-विरारमधले काही पोचत असतील. पालघर-उमरोळी-बोईसर हा रस्ता उद्या तिथे पोचला, तर त्याच्यावर तारांची, फांद्यांची आणि पुलांची उंची मोजून दुमजली बस चालवायला माझा विरोध नसेल.

तोवर मागणी करायची तर ती अशी करावी: बोईसर आणि पालघर स्थानकांवरून प्रत्येक लोकलनंतर दहा मिनिटांत सुटणारी बस, एमआयडीसीत पाळी सुटण्याच्या वेळेला, रात्रीच्या पाळीलाही, आणि कोळगावला कार्यालयं उघडण्याआधी पोचणारी व बंद झाल्यावर सुटणारी. वेळापत्रक थांब्यावर लावलेलं. गाडी कुठल्या रंगाची, किती मजल्यांची, हे आगार व्यवस्थापकाने ठरवावं.