तर्फे जिल्हाधिकारी

जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात एक प्रतिवादी वारंवार भेटतो: ‘महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी’. धरणात गेलेल्या शेताचा मोबदला, सात-बाराच्या इतर हक्कांत लागलेला शेरा, गायरानाची हद्द, कंत्राटदाराचं थकलेलं बिल, अशा कशावरूनही त्याच्यावर दावा लागतो. पुकारा झाला की त्याच्या वतीनं जिल्हा सरकारी वकील किंवा त्यांचे सहायक उभे राहतात. खुनाच्या खटल्यातले सरकारी वकील वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. दिवाणी बाजूचं काम करणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि गावागावांतल्या जमिनीचा व सरकारी तिजोरीचा हिशेब मात्र त्यांच्या टेबलावरून जातो.

सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. या कलमाचा कडकपणा पक्का झाला तो मालेगावच्या एका प्रकरणात. 1921 साली तिथे दंगल झाली. नुकसानभरपाईची रक्कम सरकारनं शहरातल्या रहिवाशांवर बसवली आणि त्याविरुद्ध मनाई मागणारा दावा नोटिशीची मुदत संपायच्या आत दाखल झाला. ‘भागचंद दगडूसा विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1927 मध्ये निकाल आला: मनाईचा दावा असला तरी नोटीस चुकत नाही. पुढे 1976 च्या दुरुस्तीनं तातडीच्या प्रकरणांत कोर्टाच्या परवानगीनं थेट दावा लावण्याची सोय केली.

हे दोन महिने सरकारला तयारी करता यावी एवढ्यासाठीच दिलेले नाहीत. मागणी रास्त असेल तर कोर्टाबाहेर मिटवावी, नसेल तर का नाही हे नागरिकाला सांगावं, असा त्यामागचा हेतू. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पंजाब सरकारच्या एका प्रकरणात नेमकं हेच बजावलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक नोटिशी आवक क्रमांक घेऊन फायलीत जातात आणि उत्तर कुणी देत नाही. या सगळ्या व्यवस्थेतली ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, कारण तिथे वाचवता आला असता तो दावा पुढे वीस-वीस वर्षं चालतो.

समन्स आलं की सरकारी वकिलाचं खरं काम सुरू होतं. ते दाव्याची प्रत संबंधित खात्याला पाठवून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवतात. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे, शेवटी तलाठ्याकडे पोचतं. खाली उतरलेला कागद त्याच पायऱ्यांनी वर चढतो. कैफियतीला कायद्यानं मुदत 30 दिवसांची, फार तर 90. ही मुदत कोर्टं सवलतीनं पाहतात, तरी कधीतरी ‘कैफियतीविना’ असा आदेश होतोच. मग सरकारची बाजू कितीही खरी असली तरी ती मांडायला जागाच उरत नाही.

म्हणून अनुभवी सरकारी वकील अभिप्रायाची वाट बघत बसत नाही. तो फेरफाराची नक्कल, कमी-जास्त पत्रक, ताबा पावती, भूसंपादनाचा निवाडा स्वतः मागवून घेतो, गरज पडली तर अभिलेख कक्षात जाऊन बसतो. युक्तिवादापेक्षा तिथे जास्त दावे जिंकले जातात. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी जमिनीच्या मालकीबद्दल आदेश दिला असेल, तर त्याविरुद्धचा दावा एका वर्षात यावा लागतो. आदेशाची तारीख कागदांच्या ढिगातून शोधून काढणारा वकील सरकारची जमीन वाचवतो. ती तारीख ज्याला सापडत नाही, तो कितीही चांगलं बोलला तरी हरतो.

सर्वांत मोठा ढीग भूसंपादनाचा. जुन्या 1894 च्या कायद्यात निवाडा मान्य नसलेला शेतकरी कलम 18 खाली अर्ज करायचा आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात यायचं. धरणं, कालवे, औद्योगिक वसाहती यांच्यासाठी गेलेल्या जमिनींची अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालत राहिली. न्यायालयानं मोबदला वाढवला की वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून व्याज लागतं: पहिल्या वर्षी 9 टक्के, पुढे दरसाल 15 टक्के. एका लाखाची वाढ वीस वर्षांनी चुकवायची झाली तर नुसतं व्याज 2 लाख 94 हजार होतं. शेतकऱ्यानं जमीन गमावून दोन दशकं वाट पाहिलेली असते आणि सरकार मूळ रकमेच्या जवळपास तिप्पट फक्त उशिरापोटी भरतं. यात कुणाचंच भलं नाही.

हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांत सरकारनं पैसे भरले नाहीत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 प्रमाणे दरखास्त चालवता येते. बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन कार्यालयात येतो, खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी यांची यादी होते, आणि मग अचानक निधीच्या मागणीचं पत्र मंत्रालयाकडे धावतं.

अपिलाचा निर्णय होतो तो हुकूमनामा आणि जप्ती या दोन टोकांच्या मध्ये. निकालाची नक्कल मिळाल्यावर सरकारी वकिलानं लेखी मत द्यायचं असतं: अपील करावं की नाही. मग ते संबंधित खातं आणि विधी व न्याय विभाग यांच्याकडे जातं. उच्च न्यायालयात अपिलाला 90 दिवस असतात आणि ते या प्रवासातच संपतात. मुदत सरकारलाही तितकीच लागू आहे, फाइल फिरत होती ही सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये पोस्टमास्टर जनरल यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरी विलंबमाफीचे अर्ज थांबलेले नाहीत. अपील फेटाळलं गेलं तर दोष न्यायालयाचा, न केलं तर सही करणाऱ्याचा, ही भीती त्यामागे असते. म्हणून ‘हा निकाल योग्य आहे, अपील करू नये’ असं लिहिणारा वकील मला जिंकणाऱ्या वकिलाहून मोठा वाटतो. त्या एका ओळीसाठी कायद्याचं ज्ञान आणि पाठीचा कणा, दोन्ही लागतात.

अशी माणसं नेमणुकीच्या पद्धतीतून यायला हवीत. उत्तर प्रदेश सरकारनं जिल्ह्यांमधले सरकारी वकील सरसकट दूर केले, तेव्हा 1990 मध्ये श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मनमानी निर्णय रद्द केला. 2016 मध्ये पंजाबच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की सरकारी विधी अधिकाऱ्यांची निवड गुणवत्तेवर, पारदर्शक रीतीनं व्हावी. तरीही सत्ता बदलली की यादी बदलणार, असं वकीलवर्गात गृहीत धरलं जातं. हे बंद झालं पाहिजे.

शासनानं दोन गोष्टी आजच कराव्यात: कलम 80 च्या प्रत्येक नोटिशीला दोन महिन्यांच्या आत सकारण उत्तर द्यावं, आणि सरकारी वकिलानं अपील नको असं लिहिलं असेल तर ते डावलणाऱ्या अधिकाऱ्यानं आपली कारणं सहीनिशी नोंदवावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही.