पंख्यामागचा नट

१ जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, ताडपत्र्या घालून शाकारले जातात. ३१ जुलैपर्यंत समुद्रात जायचं नाही. एरवी पाण्याखाली असलेला बोटीचा भाग याच दोन महिन्यांत नीट नजरेला पडतो. तळाला धरलेली कालवं, हिरवट पडलेला पितळी पंखा, त्याच्यामागे सुकाणू, आणि दोघांच्या मधल्या अडचणीच्या जागेत शाफ्टच्या टोकावर आवळलेला नट. नाखवा इंजिनाची चौकशी करतो, जाळ्यांची करतो, वाढलेल्या डिझेलच्या नावाने बोटं मोडतो. नटाकडे मिस्त्रीशिवाय कुणी ढुंकून बघत नाही.

तो सुटला आणि त्यामागोमाग पंखा गेला तर काय होतं हे मात्र बंदरावर सगळ्यांना ठाऊक असतं. इंजिनावरचा भार एकदम जातो, ते किंचाळायला लागतं, आणि बोट जागच्या जागी. दुसऱ्या बोटीला हाक मारून ओढून आणावं लागतं. डिझेल गेलं, बर्फ गेला, खेप गेली, वर नव्या पंख्याचा खर्च. नशीब आणखी वाईट असेल तर पंखा पडायच्या आधी मागे सरकून सुकाणूलाच भिडतो, मग बोट वळवायचीही सोय राहत नाही.

पंखा नटाने धरलेला असतो असा सर्वसाधारण समज. खरं तर त्याला धरतो टेपर. शाफ्टचं टोक निमुळतं कातलेलं असतं आणि पंख्याच्या बॉसमधलं, म्हणजे मधल्या गाभ्यातलं, भोकही त्याच उताराचं. अमेरिकी मापात हा उतार सोळास एक, मेट्रिक मापात दहास एक, म्हणजे लांबीत १० मिलिमीटर सरकलं की व्यासात १ मिलिमीटरचा फरक. एवढ्या सौम्य उतारावर पंखा जोराने चढवला की नुसत्या घर्षणाने तो अडकून बसतो, नट काढून घेतला तरी हलत नाही. नटाने करायचं ते इतकंच: पंखा पुरेसा चढवायचा आणि चढलेला दाबून धरायचा.

म्हणून जाणता मिस्त्री नटाच्या आधी टेपरला हात घालतो. शाफ्टच्या उतारावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, पंखा चढवायचा, उतरवायचा आणि बॉसच्या आत बॅटरी मारून बघायचं. निळा डाग सगळीकडे सारखा उमटला तर बैठक बरी. एकाच कडेला उमटला तर ग्राइंडिंग पेस्ट लावून तोच पंखा त्याच शाफ्टवर घासत बसायचं. काम कंटाळवाणं, आणि नाखव्याला दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागतानाही हुज्जत होते. बैठक जमली की पंखा चावी, म्हणजे शाफ्ट आणि बॉसच्या खाचांत बसणारी पट्टी, न घालता हाताने चढवून, तो कुठवर आला तिथे शाफ्टवर खूण करायची. मग चावी घालून पुन्हा चढवायचा. आता खुणेपर्यंत पोचला नाही तर समजायचं, चावीचं डोकं बॉसला टेकतंय आणि पंखा टेपरवर न बसता चावीवर बसलाय. अशा पंख्यामागे नट पान्याला पाइप लावून आवळला तरी तो आज ना उद्या खेळायला लागणार. चावीने दोन्ही कुशींनी धरायचं असतं, डोक्यावर तिच्या थोडी फट हवीच.

बोट पुढे जात असते तेव्हा पाण्याची प्रतिक्रिया पंख्याला टेपरच्या जाड बाजूकडे रेटते, त्यामुळे नट निवांत असतो. खरी कसोटी रिव्हर्सला. धक्क्याला लागताना तांडेल गिअर मागे टाकतो तेव्हा पंखा उतारावरून निसटायला बघतो आणि टेपरची पकड कमी पडली तर त्याला अडवायला नटाशिवाय कुणी नसतं. त्यात पंख्यात जाळ्याचा दोर गुरफटला तर बसणारा हिसका वेगळाच. चावीच्या खाचेत केसभर ढिलाई असेल तर पंखा त्या हिसक्यासरशी शाफ्टवर डावी-उजवीकडे ठोकरतो, आणि नटाची वाट लागते ती या ठोकरण्याने.

नट का सुटतात याचा छडा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये लावला. लांबीच्या दिशेने बसणाऱ्या ताणापेक्षा, जोडलेले भाग एकमेकांवर आडवे घसरण्याने नट लवकर सुटतात, असं त्याने दाखवलं. आडवी घसर झाली की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं निकामी होतं, आणि आट्यांच्या उतारावरून नट किंचित उलटा सरकतो. पुढच्या घसरीला आणखी किंचित. त्याच्या नावाच्या यंत्रावर आजही नट तपासले जातात, आणि आपल्याकडे जिथेतिथे घातला जाणारा स्प्रिंग वॉशर त्या यंत्रावर फारसा तग धरत नाही.

मग उपाय म्हणून चेक नट, म्हणजे एकामागे एक आवळलेले दोन नट. एक जाड, दुसरा त्याच्या निम्म्या जाडीचा. आत कुठला आणि बाहेर कुठला, यावरून दोन मिस्त्री अख्खी दुपार भांडू शकतात. पुष्कळ बोटींवर जाड नट पंख्याला टेकलेला आणि पातळ बाहेर दिसतो. डोळ्याला तेच बरोबर वाटतं. पण बाहेरचा नट आतल्यावर करकचून आवळला की तो शाफ्टला खेचतो आणि आतल्या नटाच्या आट्यांवरचा भार उतरतो. शेवटी पंख्याचा सगळा भार बाहेरच्यावर येतो. भार ज्याच्यावर त्याला आटे जास्त हवेत, म्हणून पातळ आत आणि जाड बाहेर. मला हा हिशेब पटतो. तरी उलट बसवलेले कितीतरी पंखे वर्षानुवर्षं फिरताहेत हेही खरं. त्यांची टेपरवरची बैठक चोख असते म्हणून ते निभावतं.

आवळताना शाफ्ट फिरू नये म्हणून पाती आणि तळ यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवतात. नट कंगोऱ्याचा असेल तर त्याला सहा खाचा, आणि शाफ्टला आरपार भोक. आवळून झालं आणि खाच भोकासमोर आली नाही की हाताखालचा पोरगा हमखास विचारतो, “मिस्त्री, जरा मागं घेऊ काय? पिन जाईल.”

“मागं घे, आणि मग समुद्रात पंखा गेला की तूच बुडी मार. पुढं घे.”

सहा खाचा म्हणजे फार तर ६० अंश पुढे जायचं. अगदीच जाईना तर नट काढून त्याचं बूड किंचित घासतात, पण मागे घेत नाहीत. स्प्लिट पिन भोकाच्या मापाची, आणि दर वेळी नवी. वाकवून सरळ केलेल्या पिनचे पाय दुसऱ्यांदा वाकवताना तुटायला टेकलेले असतात. एवढं करूनही पिनने नट घट्ट राहत नाही; सैल झालाच तर तो गळून पडू नये, इतकीच तिची कामगिरी.

धातूंचं गणितही सांभाळावं लागतं. स्टेनलेसच्या शाफ्टवर स्टेनलेसचा नट आवळताना आटे एकमेकांना चावतात आणि मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही. म्हणून नट पितळी किंवा ब्राँझचा. पिन मात्र स्टेनलेसची, कारण पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात झिरपून जातं आणि पिन लालसर होऊन चिमटीत मोडते.

मोठ्या जहाजांवर पेच हाच, फक्त पंखा कित्येक टनांचा. पुढे जाताना पंखा पाण्याच्या विरोधाने शाफ्टमागे रेंगाळू पाहतो. मागून बघता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याला उजवे आटे दिले तर हे रेंगाळणं नट सोडवायच्या बाजूने जोर लावतं, म्हणून तिथे आटे डावे कापतात. पिलग्रिम नट नावाच्या नटात तर आतल्या खोबणीत नायट्राइल रबराचं कडं असतं. त्यात दाबाने ग्रीस भरली की ते फुगून पंख्याला टेपरवर रेटतं. किती मिलिमीटर चढला हे मोजून काम थांबवतात, चावीची गरजच उरत नाही. नंतर नटाला अडसराची पट्टी ठोकून वर टोपी चढवतात.

बोटीचा पंखा उतरवण्याची रीत ठरलेली. नट पुरता काढायचा नाही, थोडा सैल करून शाफ्टवरच ठेवायचा. पुलर ताणून बॉसवर ठोका दिला की घट्ट बसलेला टेपर काही न सांगता सुटतो आणि पंखा मागे उडी घेतो, पुढ्यात बसलेल्याच्या मांडीवर. घाईने नट आधीच काढून बाजूला ठेवणाऱ्या पोराला मिस्त्री पुलर उतरवायला लावतो, नट परत चढवायला लावतो, आणि मगच घण हातात घेतो.