दारात कोण येऊन गेलं?

आमच्या निमगाव केतकीत तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा दारात किती माणसं आली ते डोळ्यांना दिसतं. वेबसाइटचं तसं नाही हो! आमच्या बचत गटाच्या मसाल्यांची साइट भाचीने ‘जँगो’ या तयार सांगाड्यावर बांधून दिली. पण ती कोणी बघतं का, तेच कळेना. मग तिने गुगल अ‍ॅनालिटिक्स जोडलं. २००५ पासून फुकट मिळणारी ही सोय. पानोपानी कोड घालायला नको. सगळ्या पानांचा जो मूळ साचा असतो, त्यात एकदा घातला की झालं. कुठलं पान किती जणांनी उघडलं, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, अंदाजे कोणत्या शहरातून, सगळं समजतं. मसाल्याचं पान पुष्कळजणी उघडतात, ऑर्डरपर्यंत थोड्याच पोचतात, हे दिसलं. लगेच फोन नंबर वर आणला.

पण मैत्रिणींनो, न सांगता कुणाची नोंद ठेवणं बरं का? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला. आम्ही साइटवर साध्या मराठीत तसं लिहिलं आणि आधी होकार विचारला. ‘नको’ म्हणणारीची नोंद होत नाही. आकडा कमी दिसतो, दिसू दे. हळदीकुंकवाला आलेल्या बाईची आपण ओटी भरतो, तिची पिशवी तपासत नाही!